पळतो तो बिनविषारी

क्रॉफिशचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचं, पोतं घरात आणायचं, की घरामागच्या बायूच्या संथ पाण्यात बांधलेल्या होडीतच सावलीला ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. ओदील म्हणाली, "घरात आणा." म्हणून ओनेझिम थिबोडोनं ते होडीत ठेवलं. (लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आपल्यालाही मत आहे हे कधीमधी दाखवावं लागतं.)

दिवस गुड फ्रायडेचा. घरात मांस शिजायचं नाही, पाण्यातलं तेवढं चालायचं, जेवायला ओदीलच्या माहेरची बारा माणसं, आणि सगळ्यांची भिस्त त्या एका पोत्यावर.

दहाच्या सुमारास ओदील किंचाळली. सावली सरकली होती आणि पोत्यावर एक जाडजूड, काळपट साप ऊन खात पडला होता.

ओनेझिमला तर आनंदच झाला. त्यानं सापांवरचं एक पातळसं पुस्तक पाठ केलं होतं आणि महिनाभर घरात कोणी ऐकून घेत नव्हतं. त्यातून सासूबाई, मादाम झुल्मा, धक्क्यावरच खुर्ची टाकून मक्याची कणसं सोलत होत्या. एकवीस वर्षांत त्यांनी जावयाला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. आज म्हणतील अशी चिन्हं होती.

"आई, हलू नका! काँगो आहे, काँगो! विषारी पाणसाप!"

"मी कुठे हलतेय?" सासूबाई म्हणाल्या.

"कशावरून काँगो?" ओदील म्हणाली. "साधा पाणसाप असेल."

"अगं, तीच तर खूण! साधा पाणसाप माणूस दिसला की बुडी मारून पळतो. पळतो तो बिनविषारी. विषारी असतो तो जागचा हलत नाही, नुसता तोंड उघडून बसतो." मग त्यानं आवाज खाली आणला. "तुझ्या आईसारखा."

ओदीलनं डोळे वटारले. सासूबाई कणसं सोलत राहिल्या.

पुराव्यादाखल ओनेझिमनं एक कणीस होडीकडे भिरकावलं. सापानं जबडा वासला. आतून कापसासारखा पांढरा.

"पाहिलंत? काँगोच!"

"पाहिलं," ओदील म्हणाली. "आता त्याच्याखालचे क्रॉफिश कोण काढणार?"

ही बाब पुस्तकात नव्हती.

तेवढ्यात साप वैतागून पाण्यात उतरला आणि डोकं वर, अख्खं अंग पाण्यावर तरंगत, थेट धक्क्याकडे निघाला. (काँगो असाच पोहतो, पान तेरा.) काँगो माणसाचा पाठलाग करत नाही, हे पान चौदावर स्वच्छ लिहिलंय. ओनेझिमला ते आठवलं तेव्हा तो शेजाऱ्यांच्या खुराड्यावर चढलेला होता, एका पायात बूट. दुसरा पुढे बटाट्याच्या सॅलडमध्ये सापडला.

साप धक्क्याखालून निमूट गवतात निघून गेला. सासूबाईंनी दोर ओढून होडी जवळ घेतली, पोतं काढलं आणि पाणी उकळायला ठेवलं.

दुपारी टेबलावर वर्तमानपत्रं पसरून लालभडक क्रॉफिशचा ढीग ओतला गेला. सगळी मंडळी खुशीत चोखत, सोलत होती. मेहुण्यानं विचारलं, "काय हो, विषारी साप ओळखायचा कसा?"

ओनेझिमनं तोंड उघडलं, पण सासूबाईच म्हणाल्या, "मी सांगते. जागचा हलत नाही तो विषारी. मी आज हलले नाही."

ओनेझिमनं हातातलं कणीस खाली ठेवून ओदीलकडे पाहिलं.

सासूबाईंनी ढिगातला सगळ्यात मोठा क्रॉफिश निवडून त्याच्यापुढे सरकवला.

"आणि पळतो तो बिनविषारी. शाबास, जावईबापू! एकवीस वर्षं मी पोरीची उगीच काळजी करत होते."