स्कूटरला बांधलेला साखरपुडा

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी रंजिताने बापाकडे एकच मागणे मागितले, आणि तेही दागिन्याचे नव्हते.

"पप्पा, पनवेलला जायचं, हृतिकची अंगठी आणि पेढे घ्यायचे, घरी यायचं. पिशवीला गाठ मारायची नाही. प्रॉमिस करा."

"आज तरी बापाला नीट बोल गं."

"प्रॉमिस?"

"नाय मारत," भगवान घरत म्हणाला आणि स्कूटर काढून निघाला. तो अगदी मनापासून म्हणाला होता. दारुडाही सकाळी मनापासूनच म्हणतो.

भगवानच्या बापाचे मिठागर होते. बापाने बांधलेले मिठाचे पोते होडीत घाला, बैलगाडीत घाला, खडाही सांडायचा नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती. पुढे मिठागर सरकारात गेले, बदल्यात खारघरला बेलपाड्याजवळ प्लॉट मिळाला, प्लॉटवर बंगला उभा राहिला आणि भगवान रेती-खडीचा सप्लायर झाला. उभ्या आयुष्यात त्याने मिठाचे एक पोते बांधले नव्हते. पण प्लॉट जसा वारसाने आला तशी गाठही आलीच असणार, असे तो धरून चालला होता. त्यामुळे बाजारातून येणारी प्रत्येक पिशवी 'आपली मिठागरातली गाठ' लेवूनच घरात येई आणि कात्रीनेच उघडे. घरतांच्या स्वयंपाकघरात चमच्यांपेक्षा कात्र्या जास्त झाल्या होत्या. भगवानला हे कळत नव्हते असे नाही. पिशवी आत काही ठेवायला असते तशी बाहेर काही काढायलाही असते, एवढी अक्कल त्याला होती. फक्त ती गाठ मारून झाल्यावर येई.

सराफाकडे अंगठी घेतली तेव्हा भगवानने ती डबी शहाण्यासारखी कुर्त्याच्या खिशात ठेवली. पण कुर्ता नवा, रेशमी, बायको भामाच्या पसंतीचा. स्कूटरवर बसताच डबी घरंगळून खिशाच्या तोंडाशी आली आणि बाहेरचे जग बघू लागली. तेव्हा त्याने ती आधी घेतलेल्या पेढ्यांच्या पिशवीत घातली, तीही अगदी तळाशी, पेढ्यांच्या खोक्यांखाली. चोराने हात घातलाच तर आधी पेढे लागतील, असा हिशेब. पिशवी दुकानातलीच, कापडासारखी दिसणारी आणि कागदासारखी वागणारी. ती त्याने स्कूटरच्या पुढच्या हूकला अडकवली.

उड्डाणपुलाखालच्या पहिल्याच खड्ड्यात पिशवी उडाली, आ वासून पुन्हा खाली आली. आत पोरीचे सगळे आयुष्य होते, आणि ते एका प्लास्टिकच्या हूकवर लोंबकळत होते. त्याने स्कूटर बाजूला घेतली.

'एकच मारू,' तो स्वतःशी म्हणाला. 'साधी.'

त्याने पिशवीचे दोन्ही बंद हूकला बांधले. दुसऱ्या खड्ड्याला पिशवी उडाली नाही, पण डोलली. मग डोलू नये म्हणून डिकीतली नायलॉनची दोरी निघाली. भगवानच्या डिकीत एकवेळ पेट्रोलचे बिल नसेल, दोरी असायचीच. दोरी पिशवीच्या गळ्याभोवती फिरली, हूकमधून गेली, हँडलच्या खालच्या दांड्याला दोन वेढे घालून परत आली आणि तिथे मिठागरातली गाठ बसली. तिच्यावर, ती सुटू नये म्हणून, आणखी एक. मग तो खारघरपर्यंत एखाद्या राजासारखा आला. खड्डे बापुडे काय करणार!

दारात भामा वाटच बघत होती. "आनलीत? द्या इकडं. गुरुजी येऊन बसलेत."

भगवानने गाठीला हात घातला. गाठ हलली नाही. नखे लावली. एक नख गेले. त्याने पिशवी वर ढकलली, खाली ओढली, स्कूटरसकट डावीकडे कलला.

"अवो, काय करताय? स्कूटरला मिठी काय मारताय?"

"जरा घट्ट बसली हाय."

भामाने वाकून पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. एवढ्यात मुलगा निकेश कात्री घेऊन धावत आला. त्या घरात ती सवय सगळ्यांनाच होती. पण भामा मध्ये उभी राहिली.

"खबरदार! आज घरात कात्री लावायची नाय. गाठ बांधायचा दिवस हाय. कापायचा नाय."

"आई, ती नायलॉनची दोरी आहे, लग्नगाठ नाहीये!"

"अंगठी तिच्यात हाय ना? मंग झालं. माझ्या साखरपुड्याला आमच्या आयनं सुपारीची पुडीसुद्धा हातानं सोडली होती."

"मग पिशवी फाडू?"

"शुभकार्याची पिशवी फाडतोस? शाना!"

तेवढ्यात उरणहून दोन गाड्या आल्या. हृतिकचे वडील शैलेश ठाकूर उतरले, आई चारुता उतरल्या, मागून मामा, मावश्या आणि त्यांच्यातून वाट काढत स्वतः हृतिक. सगळ्यांनी पाहिले ते असे: होणारा सासरा रेशमी कुर्त्यात स्कूटरपुढे गुडघे टेकून बसला आहे आणि दाताने काहीतरी कुरतडतो आहे.

"या, या, इवाई!" भगवान तोंडातली दोरी सोडून व्याह्यांना म्हणाला. "बसा."

कुठे बसा, हे त्यालाही सांगता आले नाही. जिन्याच्या आडून रंजिता बघत होती. तिने डोळे मिटून घेतले. भगवानला त्या क्षणी वाटले, हिने वचन नुसते मागायला नको होते, आपल्याकडून शंभरदा घोकून घ्यायला हवे होते.

प्रकरण कळल्यावर चारुताबाई गंभीर झाल्या. लग्न ठरल्यापासून त्यांचे आणि भामाचे एका गोष्टीवरही एकमत झाले नव्हते. जेवणात जिताडा की पापलेट यावरून आठवडाभर फोन चालले होते. पण आता त्या म्हणाल्या, "भामाताई म्हनतात ते बरोबर हाय. आज कात्री नको."

भगवानला बरे वाटावे की वाईट, कळेना. दोन विहिणींची युती झाली होती आणि ती नेमकी त्याच्या नरड्यावर.

आतून गुरुजींनी आवाज दिला, "मुहूर्त जवळ आलाय! अंगठी चौरंगापाशी आणा!"

"अंगठी येत नाय," भामा म्हणाली, "तर स्कूटर आना."

शेजारच्या तीन गॅलऱ्यांतून लोक बघत होते, त्यामुळे यावर फार चर्चा झाली नाही. निकेश, हृतिकचे दोन मामा आणि खुद्द भगवान यांनी स्कूटर उचलली आणि तीन पायऱ्या चढवल्या. पहिल्या पायरीला ती डावीकडे आपटली, दुसरीला उजवीकडे, आणि तिसरीला चपलांच्या ढिगात मागचे चाक रुतले. "सांभाळून! पेढे हायत!" असे भगवान प्रत्येक आपटीला ओरडत होता. शेवटी स्कूटर हॉलमध्ये चौरंगाशेजारी उभी राहिली. भामाने तिच्या सीटवर घाईघाईने शाल टाकली. तरी ती स्कूटरच दिसत होती.

मग गाठ सोडण्याचा समारंभ सुरू झाला. निकेशने मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस गाठ कशी बांधावी ते सांगत होता, सोडण्याचे काही बोलत नव्हता. भामाने चिमटा आणला. चारुताबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याचा सरळ खिळा झाला. मामांनी नारळ फोडायचा कोयता आणला. दोन्ही विहिणी एकदम किंचाळल्यावर तो परत गेला.

शैलेशराव बाह्या सारून पुढे झाले. "इवाई, आमी होड्यांवर वाढलेली मान्सं. सरका."

भगवान सरकला. शैलेशराव बराच वेळ वाकून खटपट करत राहिले. मग घाम पुसत म्हणाले, "ही गाठच नाय. हा निस्ता गुंता हाय."

"गुंता?" भगवानचा आवाज चढला. पोरीच्या सासऱ्यापुढे आवाज चढवू नये हे त्याला ठाऊक होते. पण बापाच्या गाठीचा प्रश्न होता. "मिठागरातली गाठ हाय ती!"

"मंग सोडून दाखवा."

"सोडायला मारली नाय ती!"

हे बोलल्यावर भगवानला स्वतःचेच शब्द ऐकू आले, आणि कोणी हसायच्या आधी तोच मनात हसला. बाप पोते बांधायचा ते पलीकडे कुणीतरी सोडायचेच. न सुटणारे पोते घेतले असते का कुणी? आपण बापाची अर्धीच विद्या घेतली होती, आणि तीही न विचारता.

"मुहूर्त आला!" गुरुजी म्हणाले. "मी मंत्र थांबवू शकत नाही. तुमचं चालू द्या." आणि त्यांनी मंत्र सुरू केले. डाव्या हाताने त्यांनी अक्षता टाकल्या, त्या स्कूटरभोवती वाकलेल्या सगळ्यांच्या पाठीवर पडल्या. उजव्या हातातल्या पळीचा दांडा मात्र त्यांनी, मंत्रात खंड न पाडता, गाठीच्या पोटात खुपसला आणि पिळला. गाठ करकरली. पुन्हा पिळला. वरची गाठ ढिली झाली, मग खालची, आणि दोरी एकदम सापासारखी गळून पडली.

"सुटली!" सगळे ओरडले. टाळ्या पडल्या. शैलेशरावांनी भगवानच्या पाठीवर थाप मारली. भगवानने विजयी मुद्रेने पिशवीचे तोंड उघडले, हात आत घातला, पेढ्यांच्या दोन खोक्यांमधून खाली खाली नेला, आणि त्याची बोटे पिशवीच्या तळातून बाहेर आली.

हॉलमध्ये सगळ्यांना ती बोटे दिसली. भगवानला स्वतःलाही दिसली. पिशवीचे तोंड शाबूत होते, गळा शाबूत होता, आणि तळाची शिवण एका बाजूने पुरती उसवली होती. खोकी अडकून बसली होती. डबी नव्हती.

"अंगठी?" चारुताबाईंनी विचारले.

पनवेल ते खारघर, एकेक खड्डा भगवानच्या डोळ्यांपुढून गेला. पोरीने एवढेच मागितले होते, आणि आपण जावयाची अंगठी रस्त्यावर पेरत आलो. उद्या ही उरणला जाईल, आणि तिथे जन्मभर हीच गोष्ट सांगितली जाईल: बापाने तोंड बांधले आणि बूड सोडले. चेष्टेची त्याला सवय होती. रंजिताची मान खाली जाईल, हे मात्र त्याला सोसवेना. तो उठला, सीटवरची शाल बाजूला टाकली, स्कूटरचे हँडल धरले आणि ती दाराकडे ढकलू लागला.

"अवो, चाललात कुठं?"

"शोधायला."

"सबंध हायवे शोधनार?"

"हायवे तर हायवे."

तेवढ्यात हँडलवर दुसरा एक हात पडला. हृतिकचा.

"पप्पा, राहू द्या."

त्याने पहिल्यांदाच 'पप्पा' म्हटले होते, पण भगवान ते ऐकतच नव्हता. तो त्या हाताकडे बघत होता. हाताच्या बोटात अंगठी होती. हृतिकच्या मागे रंजिता उभी होती आणि तिच्याही बोटात उरणहून आलेली अंगठी होती.

"डबी चपलांत पडली होती," रंजिता म्हणाली. "स्कूटर चढवताना. मी तुम्हाला, आईला हाका मारल्या, कोणी ऐकेना. गुरुजींनी मंत्र सुरू केले. म्हटलं, मुहूर्त जाईल. मग आम्ही तिथेच, दारात..."

"चपलांत?" भामाने विचारले.

"चपला बाजूला सारून, आई."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. "म्हणजे विधी झाला," ते म्हणाले. "मंत्र लागले. अक्षता तेवढ्या स्कूटरला लागल्या."

मग चारुताबाईंना हसू आले, आणि त्यांचे हसू थांबेना. शैलेशराव हसले, मामा हसले, गॅलऱ्यांतले शेजारीही, काय झाले ते न कळताच, हसले. फक्त भामा म्हणाली, "मी नाय बघितला. पोरीच्या आयनं साखरपुडा बघायचा नाय? परत करा."

"आमीपन नाय बघितला," चारुताबाई डोळे पुसत म्हणाल्या. दिवसभरातले हे दुसरे एकमत.

पाट मांडले गेले. दोघे समोरासमोर बसली. हृतिकने अंगठी काढून रंजिताला दिली, आणि रंजिताने ती बापापुढे केली.

"पप्पा, गुरुजी सांगतील तोपर्यंत नुसती धरा. कशात ठेवू नका."

भगवानने अंगठी तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. गुरुजींनी मंत्र म्हटले. या वेळी अक्षता नीट, दोघांच्या डोक्यावर पडल्या.

"द्या पप्पा," रंजिता म्हणाली.

भगवानने हात पुढे केला. मूठ मात्र उघडेना. तो मुठीकडे बघत राहिला, मग पोरीकडे. आपल्याला काय झालेय हे त्यालाच समजेना. नाकात झिणझिणत होते आणि शैलेशराव, चारुताबाई, मामा सगळे बघत होते.

"आता काय झालं?" शैलेशरावांनी हळूच विचारले. "ही पन बसली का घट्ट?"

कोणी हसले नाही. भामा पुढे आली आणि तिने नवऱ्याच्या मुठीवर आपला हात ठेवला.

"सोडा आता," ती म्हणाली.

आणि भगवानने, कुणाची पळी न लागता, हात उघडला.