बेडकाची कॅसेट आणि बोगोमिरांचं नाक

बोगोमिर वोग्रिनेच स्वतःविषयी बोलण्याआधी घसा साफ करत. "ऑस्ट्रियाच्या सीमेवर एकतीस वर्षं जकात नाका सांभाळला. माणूस कॉफी लपवून आणतोय की जीन्स, हे मी त्याच्या कानाच्या पाळीवरून सांगायचो. आणि हे नाक! असं नाक अख्ख्या युगोस्लावियात नाही."

हे नाक दर हिवाळ्यात चोंदायचं आणि त्याला वाफ द्यायचं काम त्यांच्या बायकोकडे, आल्बिनाकडे असायचं. निवृत्तीनंतर नवरा गुप्तहेर झाला होता आणि बायकोला न विचारताच त्याने तिलाच मदतनीस नेमलं होतं.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी शेजारची ब्रेडा धापा टाकत आली. शाळेत गणित शिकवायची ती.

"आल्बिनामावशी, माझी कॅसेट गेली."

टेकडीवरचा एकुलता एक घरगुती संगणक ब्रेडाकडे होता. वहीएवढा, रबरी बटणांचा. पडद्याच्या जागी जुना टीव्ही आणि लक्षात ठेवायला कॅसेट. आठ महिने खपून तिने त्यात पोरांना अपूर्णांक शिकवणारा बेडूक बसवला होता. त्या काळी ल्युब्ल्यानाच्या रेडिओवर असे प्रोग्रॅम चक्क ऐकवत. कॅसेटवरचा प्रोग्रॅम म्हणजे कानाला पाच मिनिटं नुसती किंचाळी. ज्यांच्याकडे संगणक असे ते ती टेप करून घेत आणि आपल्या यंत्रात भरत. शनिवारी ब्रेडाचा बेडूक लागणार होता, आणि त्यासाठी कॅसेट शुक्रवारी सकाळच्या बसने जायला हवी होती. दुसरी एक प्रत होती, पण तिची फीत टेपरेकॉर्डरने चावलेली. तिच्यातला बेडूक अर्ध्या उडीतच अडकायचा.

"खिडकीत ठेवली होती. जेवून येते तर तिथे ही." ब्रेडाने वाइनची बाटली पुढे केली. चिठ्ठी नाही, काही नाही.

बोगोमिरांनी बाटली उजेडात धरली. "ही चोराची सही आहे. पुरावा तपासावा लागेल. आल्बिना, पेला आण."

पहिल्या पेल्यात त्यांना परदेशी हेर दिसले. "ती किंचाळी म्हणजे सांकेतिक संदेश. बेडूक हे कुणाचं तरी टोपणनाव."

"काका, तो अपूर्णांक शिकवतो," ब्रेडा म्हणाली.

"पकडले गेल्यावर सगळे असंच सांगतात."

दुसऱ्या पेल्यानंतर ते संगीताच्या मास्तरांच्या घरी जाऊन आले. या मास्तरांना ब्रेडाची किंचाळी सहन होत नसे. "कानात कापूस सापडला," बोगोमिर परतल्यावर म्हणाले. "अपराधी माणूस ऐकायला घाबरतो."

"त्यांचा कान सोमवारपासून ठणकतोय हो," आल्बिना म्हणाली.

"आजच बरा ठणकतोय."

"सोमवारपासून म्हटलं मी."

तिसऱ्या पेल्याला त्यांचा आवाज खाली आला. "मुळात हा संगणक देशात आलाच कसा? माझ्या नाक्यावरून तर शक्यच नाही. म्हणजे यामागे टोळी आहे."

आल्बिना आणि ब्रेडा दोघी चुलीकडे बघू लागल्या. तीन वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या ग्राझहून येणाऱ्या बसमध्ये आल्बिना त्या संगणकावर घागरा पसरून बसली होती. झडती घेणाऱ्या बोगोमिरांनी तिला एवढंच विचारलं होतं, की घरी जेवायला काय आहे.

टोळीचा नकाशा काढायला त्यांनी कागद मागितला, तेव्हा आल्बिना कपडे वाळत घालायला बाहेर पडली. वारा चार दिवस पडलेला होता. द्राक्षांवरची पाखरं हाकायला मळ्यामळ्यांत उभारलेली, वाऱ्यावर फिरून वाजणारी लाकडी खडखडी मुकी होती आणि भोरड्या मजेत घड फोडत होत्या. फक्त ओझ्बेदादांच्या मळ्यात एकही भोरडी नव्हती. आल्बिनाने कान दिला, कपडे तसेच टोपलीत टाकले आणि ती टेकडी चढून गेली.

ऐंशी वर्षांचे ओझ्बेदादा खोक्यावर बसले होते. शेजारी खांबाला टांगलेला टेपरेकॉर्डर जीव तोडून किंचाळत होता.

"दादा, ही ब्रेडाची कॅसेट."

"मग कुणाची असणार? मास्तरीणबाई ही लावतात तेव्हा त्यांच्या नाशपातीवर पाखरू टिकत नाही. म्हणून आणली. फुकट नाही हो, बाटली ठेवलीय."

"दोन ओळी लिहून ठेवायच्या."

"कशाला? माझी वाइन या टेकडीवर कोण ओळखत नाही?"

ती वाइन तीन पेले पिऊन एका माणसाने टोळीचा नकाशा काढायला घेतला होता, हे आल्बिनाने दादांना सांगितलं नाही.

कॅसेट दुपारभर उन्हात तापली होती. ब्रेडाने ती यंत्रात घातली. टीव्हीच्या कडांना रंगीत पट्टे धावू लागले. ती पाच मिनिटं ब्रेडाने आल्बिनाचं मनगट इतकं घट्ट धरलं, की बोटं उमटली. मग बेडूक आला, उडाला, अर्ध्यावर न थांबता पलीकडच्या पानावर जाऊन बसला. ब्रेडा होती तिथेच जमिनीवर बसली.

"अपेक्षेप्रमाणे," बोगोमिर म्हणाले.

ओझ्बेदादा दाराशी टोपी चुरगळत उभे होते. ब्रेडाने चावलेली कॅसेट त्यांच्या हातात ठेवली.

"पण ही बिघडलीय ना?"

"भोरड्यांना अपूर्णांक कुठे येतात, दादा."

कॅसेट बसने वेळेवर गेली. शनिवारी संध्याकाळी ब्रेडा रेडिओजवळ बसली, पण तिचा चेहरा उतरलेला होता. "मावशी, दूर कुठे कुणी टेप करत असेल तर असेल. आपल्या इथे कोण ऐकणार? संगणक आहे कुणाकडे?"

निवेदकाने तिचं नाव घेतलं आणि किंचाळी सुरू झाली. ती खोलीतून आली तशी खिडकीतूनही आली. दोघी बाहेर गेल्या. ओझ्बेदादांनी दोन दिवसांत मळ्यामळ्यांतून निरोप फिरवला होता. टेकडीभर खुंटांना, शिड्यांना, ट्रॅक्टरच्या आरशांना रेडिओ टांगलेले होते, सगळे एकाच केंद्रावर, सगळे पूर्ण आवाजात. भोरड्यांचा काळा ढग उठला आणि उत्तरेला, ऑस्ट्रियाकडे निघाला.

"एवढे जण सीमा ओलांडतायत," बोगोमिर हळहळले, "आणि एकाचीही झडती नाही."

पाच मिनिटांनी किंचाळी थांबली. खालच्या मळ्यातून कुणीतरी हाक मारली, "मास्तरीणबाई, त्यांना म्हणावं, पुन्हा एकदा लावा."