विश्रामचा तिसरा धडा

"अहो, झोळीची दोरी तेवढी धरा. भात करपतोय!"

उत्तरानं हाक मारली आणि विश्राम परबनं एका हातात बिझिनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं पुस्तक नि दुसऱ्या हातात झोळीची दोरी धरली. पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

नौपाड्यातल्या चाळीत त्यांची एकच खोली. तीत नवरा, बायको, दात येऊ घातलेला मधु आणि आता हा डिप्लोमा, अशी चौघं राहत होती. विश्राम ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कारकून. कारखान्याच्या कल्याणच्या गोदामाला मॅनेजर हवा होता, आणि मॅनेजरला गोदामामागच्या दोन खोल्या मिळणार होत्या. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "परब, डिप्लोमा झालात तर तुम्ही. नाहीतर आमचा मेहुणा आनंद रिकामाच आहे." लेखी परीक्षा कशीबशी पार पडली होती. तोंडी तेवढी उरली होती. उत्तरानं तर मनातल्या मनात कल्याणच्या स्वयंपाकघराला पडदेसुद्धा लावले होते.

अडचण एवढीच, की मनात वाचून विश्रामच्या डोक्यात काही शिरत नसे. लहानपणी गावी ओटीवर मांडी घालून, पुढं-मागं डुलत त्यानं पावकी-निमकी पाठ केली होती. विद्या यायची ती त्याच वाटेनं येते, अशी त्याची खात्री. पुस्तक इंग्रजी असलं म्हणून काय झालं? त्यानं परवच्याच्या चालीवर तिसरा धडा सुरू केला,

"युनिटी ऑफ कमांऽड, स्पॅन ऑफ कंट्रोऽल, ऑथॉरिटी अ‍ॅण्ड रिस्पॉन्सिबिलिटीऽऽ..."

झोळीनं ताल धरला. दिवेलागणीपासून किंचाळणाऱ्या मधूनं तोंडातली मूठ काढली, बापाकडं एकदा नवलानं पाहिलं आणि डोळे मिटले. हनुवटीवर लाळेचा एक थेंब तसाच राहिला. उत्तरा हातात पळी घेऊन बघतच राहिली.

"अंगाई झाली, गुटी झाली, दृष्ट काढून झाली," ती पुटपुटली, "आणि हा निजला तो कारखान्याच्या मॅनेजमेंटवर!"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या हौसाबाई दारात उभ्या. "काय गं, काल तुझा पोरगा गप? बरंय ना त्याला?" उत्तरानं खरं काय ते सांगितलं. संध्याकाळी हौसाबाई नातवाला काखेत मारून हजर. "विश्रामभाऊ, तुमचं चाललंच आहे, तर ह्याच्याही कानावर पडू दे मेल्याच्या."

नातू झोपला. मग खालच्या मजल्यावरची कलावती आपली जुळी घेऊन आली. ती झोपली. हौसाबाईंना एकदा गुण आला की त्या चाळीत कुणाला गुणावाचून राहू देत नसत. चार-आठ दिवसांत संध्याकाळी परबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. जिकडं तिकडं दुपट्यात गुंडाळलेली गाठोडी आणि मधोमध डुलणारा विश्राम. सुरुवातीला त्याला मोठं समाधान वाटलं. ऑफिसात त्याचं कोणी एवढं शांतपणे ऐकून घेत नसे.

मग त्यानं चौथा धडा काढला.

"कॉस्ट अकाऊंऽट, ओव्हरहेऽड..." एवढ्यावरच मधु टक्क जागा झाला. पाठोपाठ जुळी, मग हौसाबाईंचा नातू, मग सगळी खोली एका सुरात.

"अहो, हे काय लावलंत?" कलावती धावत आली. "तिसराच म्हणा ना!"

"वहिनी, तिसरा मला येतो. पुढचे सगळे राहिलेत."

"पण पोरांना पुढचे मानवत नाहीत!"

"माझी परीक्षा आहे हो!"

"परीक्षा एक दिवस," हौसाबाई म्हणाल्या, "पोर रोज रडतं. म्हणा तिसरा."

विश्राम पुस्तक घेऊन तलावपाळीवर जाऊन बसला. तिथं हौसाबाई पोरं घेऊन टांगा करून आल्या. घरी येऊन त्यानं उशीत तोंड खुपसून सातवा धडा म्हणून पाहिला. उशीतूनही मधूला तो कळला. परीक्षेचा दिवस उजाडला तेव्हा विश्रामला तिसरा धडा उलटासुद्धा येत होता. बाकीचे सुलटेही येत नव्हते.

"पडदे मी आनंदरावांच्या बायकोला देऊन टाकीन," उत्तरा हसून म्हणाली. पण त्याची टोपी देताना तिचा हात जरा जास्त वेळ टोपीवर राहिला.

मुंबईला परीक्षक दोघं होते. एक बारीक, चष्मेवाले. दुसरे चांगले भरदार, नुकतेच जेवून आलेले.

"मिस्टर परब, सातवा धडा," चष्मेवाले म्हणाले. "गिऱ्हाईक आणि बाजारपेठ. बोला."

विश्रामच्यानं राहवेना. "सर, सातव्यापर्यंत मला गिऱ्हाइकांनी पोचूच दिलं नाही," म्हणत त्यानं सगळी हकीकत सांगून टाकली.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचा माल एकच?"

"हो सर. तिसरा धडा."

"नवा माल काढून पाहिलात?"

"चौथा काढला. रडून परत आला."

"जाहिरात कुणाकडं?"

"हौसाबाईंकडं. पैसे घेत नाहीत, पण थांबतही नाहीत."

"मग दुकान बंद का नाही केलंत?"

"आमचा मधु झोपायचा नाही, सर."

चष्मेवाले ओठ दाबून हसले. "अहो, सातवा धडा आम्ही फळ्यावर शिकवतो. तुम्ही त्यात दिवस काढलेत. आता तो तिसरा जरा म्हणून दाखवा."

विश्रामनं डोळे मिटले, खुर्चीतच मांडी घातली आणि डुलू लागला. स्पॅन ऑफ कंट्रोल येईतो भरदार परीक्षकांची मान छातीवर आली होती.

"पुरे, पुरे," चष्मेवाले कुजबुजले. "पास आहात. दार हळू लावा, ते जागे होतील."

बातमी ऐकून उत्तरानं मधूला उचलून खोलीभर गिरकी घेतली. हौसाबाईंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. "म्हणजे तुम्ही कल्याणला चाललात! इतकं चांगलं कशाला हो बोलायचं परीक्षेत?"

संध्याकाळी मधूनं सूर लावला. विश्रामनं ऐटीत दोरी धरली. "युनिटी ऑफ... ऑफ..." पुढचं आठवेना. परीक्षा संपली तशी विद्याही निघून गेली होती.

"अगं, पुस्तक कुठंय?"

"तुम्हीच नाही का दुपारी आनंदरावांना देऊन आलात?"

मधूचा सूर चढला. तेवढ्यात भिंतीपलीकडून हौसाबाईंनी उचललं, "युनिटी ऑफ कमांऽड..." खालून कलावतीनं ओढलं, "स्पॅन ऑफ कंट्रोऽल..." उत्तरानं हसत दोरी हातात घेतली आणि पुढचं सगळं, एकही शब्द न गाळता, म्हणत गेली. धडा संपवून तिनं झोळीत वाकून पाहिलं. मधु डोळे टक्क उघडे ठेवून बोळकं पसरून हसत होता.

घोरत होते ते कल्याणचे मॅनेजर.