वीणा खाली ठेवायची नसते

या, अशा पुढे या. सतरंजी पुढे मोकळी पडलीय आणि तुम्ही मागे खांबाला टेकून बसताय! खांबाला टेकलेल्या माणसाला कीर्तनात डुलकी लागते, आणि मी सांगणार आहे ती गोष्ट डुलकी घेत ऐकण्यासारखी नाही. एका देवभोळ्या गिरणीवाल्याने देवाच्याच मंडपात कशी नाचक्की करून घेतली, त्याची गोष्ट आहे. गिरणीवाला म्हणजे अर्थात मीच, काकासाहेब!

केडगावात माझी पिठाची गिरणी आहे. माणूस ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं मी सगळीकडे सांगत असे. डबा हातात घेतला की सांगायचो, आत ज्वारी आहे की बाजरी, आणि घरात पाहुणे आलेत की भांडण झालंय! त्यामुळे आमच्या निकितासाठी स्थळ आलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, "बनुबाई, तू फक्त पोहे कर. पारख माझ्यावर सोड!"

मुलगा वैजनाथ. श्रीगोंद्याकडच्या खेड्यातला, पोलीस शिपाई, ड्युटी नगर शहरात. सोबत वडील बजरंगराव आणि आई भीमाबाई. मुलगा नाकासमोर बघणारा, बशीतला शेवटचा शेंगदाणासुद्धा न सोडणारा. मला आवडला. निकितालाही आवडला, हे तिने पाणी दोनदा आणून दिलं त्यावरून मी ओळखलं. पारख ना!

मी सहज विचारलं, "नोकरीत काही त्रास वगैरे?"

तो तितकाच सहज म्हणाला, "त्रास नाही. एकदा शिक्षा झाली होती, तेवढंच."

शिक्षा! मी तोंड उघडणार, तोच आतून गरम भजी आली. सगळे भज्यांवर तुटून पडले आणि शिक्षा राहिली ताटाखाली. "कसली शिक्षा?" एवढे दोन शब्द तेव्हा विचारले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही घरी जाऊन जेवला असता. पण पाहुण्यांसमोर मुलाला कसं विचारायचं!

त्याच आठवड्यात भिंगारला कीर्तन होतं. कीर्तन भिंगारला असो नाहीतर चंद्रावर, मी जातोच. महाराज रंगात येऊन म्हणाले, "माउली, मेथीची जुडी घेताना चार वेळा उलटीपालटी करता. आतलं पान किडकं निघालं तर भाजीवाल्याशी हुज्जत घालता. आणि लेक देताना? लेक देताना वरचं पान बघून पिशवीत टाकता!"

सगळा मंडप हसला. मी एकटाच गार पडलो. महाराज माझ्याकडेच बघत होते! आता माझ्यामागे घड्याळ टांगलेलं होतं आणि ते वेळ बघत होते, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मी थेट सत्तारभाईकडे. सत्तारभाई माझा शाळेपासूनचा मित्र. कोर्टाजवळ लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाईप करतो. वाघाच्या आवेशात टाईप करतो, टेबल पुढे पुढे सरकतं!

"सत्तारभाई, एका पोलिसाला कोर्टाने शिक्षा केलीय का, ते गुपचूप कळायला पाहिजे."

"माहितीच्या अधिकारात टाकू. पण एकट्याचंच नाव टाकलं तर लगेच वास येईल, काकासाहेब. सगळ्यांचं मागा!"

"सगळ्यांचं म्हणजे?"

"सगळ्या जिल्ह्याचं! कोणकोणत्या पोलिसावर गुन्हा शाबीत झाला, कोणता गुन्हा, शिक्षा काय, आणि त्यातले किती अजून नोकरीत आहेत! निवडणुकीला उभं राहणाऱ्याला आपले गुन्हे लिहून द्यावे लागतात. मग जो आपल्याला पकडतो त्याचे आपल्याला नको कळायला?"

हे मला पटलं. खरं सांगतो, आजही पटतं. सरकारच्या दप्तरात असली माहिती असेल तर ती लोकांना बघता आली पाहिजे, त्यात काय चूक? चूक पुढच्या ओळीत होती. सत्तारभाई म्हणाला, "आणि शेवटी हळूच, 'विशेषतः पोलीस शिपाई वैजनाथ यांची.' मुक्काम, तालुका, सगळं घालू!"

"गुपचूप राहील ना?"

"अहो, सरकारी काम! कुणाला कळतंय!"

कोर्ट फी स्टॅम्प डकवला, अर्ज दिला आणि दोघांनी एकेक स्पेशल चहा घेतला. महाराष्ट्राची घडी बसवल्यासारखं वाटत होतं!

पहिला धक्का मात्र गोड होता. चौकात हवालदाराने मला हेल्मेट नाही म्हणून अडवलं. लायसन बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"केडगावचे काकासाहेब? गिरणीवाले? तेच का, माहिती मागवलेले?"

"हो," मी छाती पुढे काढली.

"बसा ना साहेब, चहा घ्या!" त्याने टपरीवरचं स्टूल स्वतःच्या रुमालाने पुसलं. तीस वर्षं गिरणी चालवतोय, पण कुणी स्टूल पुसलं नव्हतं! हेल्मेटचा दंड राहिला बाजूला. घरी येऊन मी बनुबाईला म्हणालो, "माणसाचं वजन असतं, ते असं!" ती म्हणाली, "पिठाची गोणी उचला, भिजतीय."

पण माझा अर्ज जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यात फिरत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जिकडेतिकडे कारकून लोक जुने गठ्ठे सोडून शिंकत बसले होते. आणि इकडे आमच्या केडगावच्या मळ्यात अखंड हरिनाम सप्ताह उभा राहिला. मंडप आला, आचारी आले, टाळकरी आले. स्पीकरची परवानगी काही येईना!

आमच्या कमिटीचे अध्यक्ष अजिनाथ. रागावले की त्यांची टोपी आपोआप मागे सरकते. ते ठाण्यात जाऊन आले तेव्हा टोपी मानेवर होती!

"काकासाहेब, साहेब काय म्हनले माहितीय का? म्हनले, सगळा स्टाफ तुमच्या गावच्या एका गृहस्थासाठी जुने कागद धुंडाळतोय, परवानगीचा कागद बघायला माणूस न्हाई! कोण ओ हा गृहस्थ?"

मी टाळ पुसत होतो. तो टाळ त्या दिवशी इतका पुसला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. बघवेना.

सप्ताह सुरू झाला तो बिनस्पीकरचा! महाराज पुढे जीव तोडून निरूपण करत होते आणि मागे बसलेल्या बायांना नुसते हात हललेले दिसत होते. एक आजी शेजारणीला म्हणाली, "म्हाराज माशा हाकलायलेत का गं?" माझ्यामुळे त्या माउलीला कीर्तन ऐकू आलं नाही. हसू नका. मला अजून टोचतं ते.

शेवटी एका सकाळी परवानगी आली. साऊंडवाल्याने चार दिवसांचा राग काढत आवाज शेवटपर्यंत चढवला. दुपारच्या वेळी मंडप रिकामा होता. जेवून सगळे आडवे झालेले. वीणेचा पहारा माझा होता.

पहारा म्हणजे काय, ते नव्या मंडळींना सांगतो. सप्ताहात वीणा रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ती खाली ठेवायची नसते. वीणेकऱ्याने बसायचं नाही, हलायचं नाही, नाम थांबवायचं नाही. दुसरा आला की त्याने याच्या पायांना हात लावायचा, याने त्याच्या, आणि मग वीणा त्याच्या गळ्यात. वय, जात, हुद्दा काही बघायचं नाही.

माझ्यानंतर अजिनाथांची पाळी होती. ते आले नाहीत. मुद्दामच आले नाहीत! माझ्या पिंढऱ्या थरथरायला लागल्या. "राम कृष्ण हरी" म्हणता म्हणता मी दारापर्यंत नजर टाकत होतो.

आणि मंडपात आल्या भीमाबाई. पदर खोचलेला, हातात लखोटा. मागे बजरंगराव, आणि त्यांच्यामागे वैजनाथ.

"काकासाहेब! हे काय हाय?"

कायदा असा आहे म्हणे, एखाद्याची माहिती तिसऱ्याला द्यायची तर आधी त्यालाच पत्र पाठवून विचारतात, बाबा, तुझी हरकत आहे का? हे मला सत्तारभाईने सांगितलं नव्हतं. सत्तारभाईलाही बहुतेक नंतरच कळलं! पत्र गेलं थेट वैजनाथच्या गावी. पोस्टमनने ते बजरंगरावांना सोसायटीच्या ओट्यावर दिलं आणि त्यांनी ते चार माणसांत मोठ्याने वाचलं.

"आमाला वाटलं पोराला बढती लागली!" भीमाबाई म्हणाल्या. "ह्यांनी वाचलं, 'आपल्यावर शाबीत झालेल्या गुन्ह्यांची माहिती केडगावच्या काकासाहेबांनी मागितली हाय.' सगळा गाव ऐकत हुता! दळणाला गेले तर बाया उठून बाजूला बसल्या. माझं पोर चोर हाय का? सांगा!"

मी काय केलं असेल? पळता येईना, वीणा ठेवता येईना. मी नामाचा आवाज वाढवला! "राऽम कृष्णऽ हरी!"

"मी काय इचारते?"

"राऽऽम कृष्णऽऽ हरी!"

देवाचं नाव आयुष्यभर घेतलं, पण लपण्यासाठी घेतलं ते त्या दुपारी. देव माझा शब्दन् शब्द ऐकत असणार. विटेवरून तो हलत नाही हे बरंच आहे. नाहीतर त्यानेच खाली उतरून वीणा काढून घेतली असती.

"तुमाला इवाई म्हनायचं का न्हाई, ते तुमीच सांगा! पोहे खाल्ले, भजी खाल्ली, तवा तोंडात काय बोळा हुता का?"

हे वाक्य मला दोनदा ऐकू आलं. एकदा समोरून आणि एकदा आभाळातून. तेव्हा ध्यानात आलं. वीणेकऱ्यापुढचा माईक चालू होता! सगळ्या केडगावला, पार पुणे रस्त्याच्या धाब्यांपर्यंत, माझी शोभा लाइव्ह ऐकू जात होती!

आडवी झालेली माणसं उठून आली. अजिनाथ आले, टोपी सरळ करत. माशा हाकलणाऱ्या महाराजांवाली आजी आली आणि म्हणाली, "आज झकास ऐकू येतंय!" आणि सगळ्यात शेवटी अनवाणी पळत आली निकिता. डोळे लाल.

ती थेट भीमाबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "मावशी, पप्पांच्या वतीने मी माफी मागते."

त्या क्षणी कुणी मला त्याच गिरणीत घालून दळलं असतं तरी चाललं असतं. लेकीने बापासाठी मान खाली घातली होती, आणि बाप मात्र गळ्यात वीणा घालून ताठ उभा होता!

नाम तोंडातून येईना. वीणेकऱ्याचं नाम थांबायला लागलं तशी सगळ्यांची चलबिचल झाली. कुणीतरी "अरे, घ्या कुणीतरी!" म्हणालं. पण कुणी पुढे होईना.

वैजनाथ हातपाय धुऊन आला. पुढे येऊन त्याने आधी माईकचं बटण बंद केलं, मग मला म्हणाला, "मामा, द्या इकडे. तुमचे पाय कापतायत."

"तुझी ड्युटी...?"

"आज सुट्टी आहे. आज शिक्षा होणार नाही."

"कसली शिक्षा?" भज्यांच्या वेळी राहिलेले ते दोन शब्द आत्ता तोंडातून आले.

"मागच्या वर्षी एका सप्ताहाला बंदोबस्त होता," तो हळू आवाजात म्हणाला. "वीणेकरी म्हातारे होते, चक्कर येऊन पडायला लागले. जवळ दुसरं कुणी नव्हतं. मी वीणा घेतली. पुढचा माणूस वेळेवर आला नाही, वीणा खाली ठेवता येईना. तेवढ्यात साहेबांची गाडी आली, मी नेमल्या जागेवर नव्हतो. पाठीवर ओझं घेऊन मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. ती शिक्षा. कोर्टाची नव्हती."

निकिता जमिनीकडे बघत म्हणाली, "मला माहीत होतं, पप्पा. पहिल्याच फोनला सांगितलं होतं यांनी. तुम्ही मला विचारलं असतं तर..."

मला म्हणे पारख आहे! डबा हातात घेऊन धान्य ओळखणारा मी!

रीत ती रीत. वैजनाथ माझ्या पायांना हात लावायला वाकला. मग माझी पाळी. ज्याचे गुन्हे मी सगळ्या जिल्ह्यात शोधायला लावले, त्या पोराच्या पायांपाशी मी वाकलो, आणि वाकलो तो लवकर उठलोच नाही. लोकांना वाटलं, पिंढऱ्या धरल्या. दोन्ही खरं होतं.

वीणा गळ्यात घालताना त्याच्या कानात एवढंच म्हणालो, "चुकलो रे."

"मागितलंत ते चुकलं नाही, मामा," तो म्हणाला. "आमच्यात कुणी गुन्हेगार असेल तर लोकांना कळायलाच पाहिजे. मलाही माझ्या शेजारी कोण बसतं ते ठाऊक नाही. मी 'हरकत नाही' असंच लिहून दिलंय. फक्त मला भज्यांच्या वेळी विचारलं असतं तर आईला ओट्यावर मान खाली घालावी लागली नसती."

भीमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग कमरेला खोचला. "सुपारी फोडू. पोरगी गुनाची हाय. पन एक अट हाय. ह्यांनी ज्या ओट्यावर पत्र वाचलं, त्याच ओट्यावर काकासाहेबांनी आमच्या गावात येऊन चार मानसांत सांगायचं, पोरगा निर्मळ हाय म्हनून. आन् लग्नात काकासाहेबांच्या हातात माईक द्यायचा न्हाई!"

गेलो. ओट्यावर उभा राहिलो. बोललो. सत्तारभाईही सोबत आला होता, पण तो गावाच्या वेशीबाहेर टमटममध्येच बसून राहिला. 'मी फक्त टाईप केलं!' म्हणे.

पुढे यथावकाश सरकारी उत्तर आलं. वैजनाथविषयी, गुन्हा शाबीत नाही. आणि बाकी जिल्ह्याविषयी? 'सदर माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही.' एवढे लोक शिंकले, स्पीकर अडला, गावभर अब्रू गेली, आणि जे खरंच विचारण्यासारखं होतं त्याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं! जे माझ्या अंगणात पोह्यांसमोर बसलं होतं, तेवढंच मला शिक्क्यासकट मिळालं. सत्तारभाई म्हणतो, अपील करू. मी म्हणालो, कर, पण शेवटची ओळ मी लिहिणार.

चला, आरतीची वेळ झाली. एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुठल्याही कीर्तनाला जाल तेव्हा मंडपाच्या कडेला, दिव्याच्या उजेडाबाहेर एखादा पोलीस उभा दिसेल. पाय अवघडलेले, नजर गर्दीवर, कान महाराजांकडे. त्याला बघून आमच्या वैजनाथची आठवण काढा. पाणी विचारा, कपाळाला बुक्का लावा, प्रसाद द्या.

फक्त वीणा देऊ नका!