आमच्या भोपळ्याची घासाघीस

मला अजून राग आहे तो त्या ट्रेनरचा. माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पीत हा गृहस्थ मला सांगतो, "काका, कुत्र्याला शिकवणं म्हणजे खेळ वाटला पाहिजे. रोज पाच मिनिटं, एक शब्द, एक बिस्किट. बसला की लगेच द्यायचं, आणि एकच."

एकच! तीस वर्षं पडद्यांचं कापड विकतोय मी. समोरच्याला खूश कसं करायचं, हे मला शिकवणार? त्याला वाटेला लावला. (चहा आणखी अर्धा कप पाजून. माणुसकी सोडत नाही आपण.)

बायको म्हणाली, "रविवारी आई येतेय, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. भोपळ्यानं तिच्यावर उडी मारली, तर तो त्याच दिवशी भाच्याच्या शेतावर जाईल. आधीच सांगून ठेवते!"

भोपळ्या म्हणजे आमचा कुत्रा. त्याच्याशिवाय घर मला चालणार नव्हतं, पण चेहरा दुकानातला ठेवून म्हटलं, "मी शिकवतो. चार दिवस पुष्कळ झाले."

पहिल्या दिवशी बिस्किट दाखवून म्हटलं, "बस." त्यानं बिस्किट पाहिलं, तोंड फिरवलं आणि सरळ दाराकडे चालू लागला. आता गिऱ्हाईक दाराकडे निघालं, तर कुठला दुकानदार गप्प राहील?

"अरे, असा कसा जातोस? बरं, दोन घे!"

आला. बसला. मी घरभर मिरवलो.

दुसऱ्या दिवशी दोन बिस्किटं पाहून तो दाराकडे निघाला. तिसरं निघाल्यावर बसला. शनिवारपर्यंत सहावर गेला. माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा, फक्त एक कान मागे. इतकं मुरलेलं गिऱ्हाईक मी तीस वर्षांत पाहिलं नाही!

"बाबा, तुम्ही त्याला शिकवताय की तो तुम्हाला?" मुलगी म्हणाली.

"तुला धंद्यातलं काय कळतं?"

रविवारी सासूबाई काठी टेकत दारात आल्या. मी गरजलो, "बस!" भोपळ्यानं माझ्या हातातलं बिस्किट पाहिलं, तोंड फिरवलं आणि निघाला. दाराकडेच!

"चार देतो! सहा! अरे, अख्खा पुडा घे, पण मागे फिर!"

"जावईबापू," काठी आडवी धरून सासूबाई ओरडल्या, "कुत्र्याशी घासाघीस कसली करताय?"

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. हातात एक बिस्किट. आवाजसुद्धा न चढवता म्हणाली, "बस."

भोपळ्या जागच्या जागी बसला. शेपूट हलवत! तिनं बिस्किट दिलं, एकच, आणि त्यानं ते मुकाट्यानं खाल्लं.

"गुणी आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "कशाला पाठवतेस शेतावर? राहू दे."

"हे दुकानात गेले की रोज पाच मिनिटं खेळायचो आम्ही," बायको हसत म्हणाली. "ट्रेनरनं सांगितलं होतं तसंच."

माझ्या मागे? माझंच गिऱ्हाईक फोडलं? माझ्याच घरात? मी ताडकन पुढे सरसावलो. चांगलं तासभर सुनवायचं ठरवलं होतं.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. बिस्किटाचं कोणी नावही काढलं नाही.