उंटाचे मागचे पाय

घाटनांदूरच्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मनातला राग मिटवण्याची पद्धत होती. सूर्य मावळण्याआधी राग सोडावा, ही शिकवण पाळकांनी पुन्हा सांगितली, तेव्हा निवृत्त विज्ञानशिक्षक सुंदरराव अस्वस्थ झाले. त्यांच्या रागाने साडेदहा हजारांहून अधिक सूर्यास्त पाहिले होते.

एकोणतीस वर्षांपूर्वी नाताळच्या नाटकात भारतने, त्यांच्या जिवलग मित्राने, त्यांना उंटाचे मागचे पाय केले होते. पुढच्या पायांना निदान गोठा दिसत होता. गोधडीखालचा तो कडब्याच्या वासाचा अंधार, कानाशी बडवला जाणारा ढोल आणि बाहेरचे हसू त्यांना अजून आठवे. तेव्हापासून त्यांनी अबोला धरला. भारत मात्र दर रविवारी शेजारी बसून गावच्या बातम्या त्यांच्या कानात ओरडून सांगे. या निर्लज्जपणाचे शास्त्रीय कारण त्यांना सापडले नव्हते.

शनिवारी, ऊन शिल्लक असल्याची खात्री करून, ते भारतच्या ओसरीवर गेले.

"भारत, मी तुला क्षमा केली."

भारत बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "छबू, मास्तर बरळतोय. कानाचं डोक्यात गेलं वाटतं."

"कान ठणठणीत आहेत माझे."

भारतच्या हातातली बशी कलली. त्या ढोलाने मित्राचे कान गेले, अशी त्याची पक्की समजूत होती. म्हणून तो ओरडे, म्हणून दर हिवाळ्यात लसणाचे तेल पाठवी. ते तेल सुंदररावांनी सायकलच्या चेनला घातले होते.

"अरे, मी शाळेत शिकवत होतो!"

"शिकवाया ऐकू यावं लागतंय, हे मला कुनी सांगितलंच न्हाई. एकोणतीस वर्सं देवाला तुजे कान मागतोय बे, अन् तू रुसला व्हतास? जाय घरला."

सूर्य मावळला. राग नाहीसा झाला नव्हता. त्याने केवळ घर बदलले होते.

रविवारी भारत दूरच्या बाकावर बसला आणि प्रभुभोजनाला उठलाच नाही. सुंदररावांना भाकरीची चव लागली नाही. महिनाभर शेजारची जागा रिकामी राहिली. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या बोअरला पाणी लागले, काही कळेना. निरोगी कानांना इतकी शांतता सोसत नाही, अशी नोंद त्यांनी मनाशी केली.

महिना भरला त्या शनिवारी, उन्हे कलताना, भारत दारात उभा राहिला. "उद्या प्रभुभोजन हाय," तो खाली बघत पुटपुटला. "म्या माफ केलं तुला."

सुंदररावांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी पुढे होऊन कानामागे हात धरला.

"काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल."

भारतने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. मग कानाशी तोंड आणून तो असा ओरडला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठली.