सूर्यदेवाची राहिलेली मुलाखत

रिकामी खोली भाड्याने द्यायची, एवढंच आम्ही ठरवलं होतं. बिशान या परदेशी उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यासाठी साक्षात सूर्यदेव येतील, अशी कल्पना नव्हती.

"मी अपोलो. ग्रीकांचा सूर्यदेव," दारातच तो म्हणाला. "गर्व झाला म्हणून वडिलांनी माणूस करून इथं पाठवलंय. नम्र झालो की परत नेतील. माझी मुलाखत घ्या, तुमचं भाग्य उजळेल."

जन्मभर बातमीदारी केलेला माणूस मी. (आता निवृत्त. संपादक माझा फोन उचलत नाहीत; हा त्यांचा भ्याडपणा.) भल्याभल्या मंत्र्यांच्या थापा मी त्यांच्याच तोंडावर फेकल्यात.

"रांगेत या," मी म्हणालो.

माझ्या बायकोनं, शुभदानं, मात्र वाद घातला नाही. (तो ती फक्त माझ्याशी घालते.) तिनं त्याच्या हातात ओल्या कपड्यांची बादली दिली.

"सूर्यदेव ना? मग हे वाळव."

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घातलेला बांबू खोचून त्यानं आभाळाला फर्मावलं, "सूर्या, हजर हो!"

धो धो पाऊस आला.

मग रोज हेच. तो गरजायचा, पाऊस कोसळायचा, शुभदा त्याला कपडे पुन्हा पिळायला लावायची. नात इरा शाळेला निघताना इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणायची, "अंकल, शाउटिंग नो यूज लाह!" जेवताना मी त्याला नम्रतेवर व्याख्यान द्यायचो. (या विषयावर माझ्याइतक्या अधिकारानं दुसरं कुणी बोलूच शकत नाही.)

एका सकाळी ओला टॉवेल हातात धरून तो पुटपुटला, "सूर्या, बाबा रे, जमलं तर ये. काकू खोळंबल्यात."

सगळीकडे काळे ढग, आणि ऊन फक्त आमच्या बांबूवर!

देव! खराखुरा! पहिल्या पानावर माझं नाव, संपादकांचा फोन, आणि तो मी न उचलणं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. रेकॉर्डर घेऊन धावलो.

"बोला, देवा!"

"नको हो काका," तो लाजला. "माझ्यात छापण्यासारखं काय आहे?"

"अरे, पहिल्या दिवशी तर मागे लागला होतास!"

"तेव्हा गर्व होता. तुम्हीच रोज समजावलंत ना?" त्यानं शुभदाला वाकून नमस्कार केला. "घ्यायचीच तर काकूंची घ्या मुलाखत. इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाहीत म्हणे."

आणि उन्हाच्या तिरिपेत तो विरघळून गेला.

छापायला काहीतरी हवंच होतं. मी मुकाट्यानं रेकॉर्डर शुभदासमोर धरला.

तिनं मान वर केली नाही.

"प्रश्न आधी लिहून पाठवा. बघू."